नवा लॅपटॉप आणि खिडकीतली डाळ

शेठनी स्क्रीनवर बोट टेकवलं. नुसतं दाखवलं नाही, टेकवलं.

"हा. हाच पिवळा पाह्यजे मले. याच्यापेक्षा कमी नाही."

लॅपटॉप येऊन आठवडाही झाला नव्हता. मी त्या बोटाच्या ठशाकडे बघत राहिले, कारण शेठच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती. तो पिवळा छापून येणार नाही हे मला माहीत होतं. ते सांगायची वेळ तीच होती. मी मनात वाक्य जुळवत होते. मी इंग्लिश मीडियममध्ये शिकले, मराठीत कुणाला नाही म्हणायचं असलं की मी आधी वाक्य तपासून घेते. तेवढ्या वेळात विलासभाऊ बोलून मोकळे झाले.

"होऊन जाईन शेठ. काहीच टेन्शन नाही."

विलासभाऊ म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. कारंज्यात आमचं फ्लेक्स आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. वाढदिवसाचे बॅनर, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, हेच काम. शेठची गावाबाहेर डाळ मिल आहे. आजपर्यंत त्यांचा माल कट्ट्यांमध्ये, म्हणजे पोत्यांमध्ये भरून दुसऱ्यांच्या नावाने विकला जायचा. आता त्यांना स्वतःच्या नावाचं तूर डाळीचं पाउच काढायचं होतं. मधोमध पारदर्शक खिडकी, म्हणजे आतली डाळ दिसावी, आणि बाजूने सगळा पिवळा रंग.

असं पाउच आमच्याकडे छापत नाहीत. ते नागपूरच्या प्रेसमध्ये छापतात. तिथे प्रत्येक शाईसाठी धातूचा एक जड रोलर कोरावा लागतो, त्याला सिलिंडर म्हणतात. एकदा कोरला की त्यात दुरुस्ती नसते. चुकला तर नवाच कोरायचा. आमची फाइल दुसऱ्या दिवशी दुपारी जायची होती.

लॅपटॉप माझ्या हट्टाने आला होता. मी भाऊंना सांगितलं होतं की पॅकेजिंगचं काम घ्यायचं तर स्क्रीन चांगली हवी. घरी सांगितलं होतं की कारंज्यात राहूनही डिझाइनचं काम नीट करता येतं.  बाबांनी त्यावर बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणून माझ्या टेबलावर ठेवली होती. हे पहिलंच पाउच फसलं असतं, तर ती पुस्तकं उघडावी लागली असती.

खरं म्हणजे लॅपटॉप आल्यापासूनच मी घाबरलेली होते. खोका उघडल्यावर भाऊंच्या बायकोने, वहिनींनी, त्याला हळदकुंकू लावलं. भाऊंनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि त्याचं पाणी शिंपडायला ते टेबलाकडे निघाले, तेव्हा मी लॅपटॉप उचलून छातीशी धरला. सगळे हसले. झाकणावरचं कुंकू माझ्या पांढऱ्या ड्रेसला लागलं. झाकणावरच्या बारीक खाचेत ते अजूनही थोडं आहे.

सुरू केला तर सगळे मेनू मोहरीएवढे. हाय रिझोल्यूशन म्हणजे तेवढ्याच जागेत खूप जास्त ठिपके. चित्र कोरल्यासारखं दिसतं, पण जुनं सॉफ्टवेअर ठिपके मोजून बटणं काढतं, म्हणून ती बारीक होऊन जातात. सेटिंगमध्ये जाऊन ती मोठी करावी लागली. मग मी सवय व्हावी म्हणून आमचीच जुनी कामं उघडून पाहिली. एका लग्नाच्या बॅनरवर नवरदेवाच्या कानामागे मूळ फोटोतल्या पडद्याचा निळा तुकडा राहिलेला होता. तो बॅनर लागला होता, लग्न होऊन गेलं होतं.

भाऊ खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "हे आधी काहून नाही दिसलं?"

"जुन्या मॉनिटरवर दिसत नव्हतं."

"मंग हे मशीन आपल्या चुका दाखवाले आणलं का आपण?"



आणि रंग. ही स्क्रीन जुन्या मॉनिटरपेक्षा खूप जास्त भडक रंग दाखवू शकते. डाळीचं पाउच त्यावर उघडलं तेव्हा तो पिवळा आतून दिवा लावल्यासारखा दिसला. मला स्वतःला तो आवडला, हेच वाईट झालं. उजेड थोडा कमी करून मगच मी शेठना स्क्रीन दाखवायला हवी होती. ते माझ्या डोक्यात येईपर्यंत शेठ येऊन बसले होते.

शेठ गेल्यावर मी भाऊंना म्हटलं, "भाऊ, हा पिवळा छापून येणार नाही."

"कायले नाही येणार?"

"स्क्रीन उजेडाने रंग दाखवते. पाउचवर शाई असते. शाईला एवढा उजेड नसतो."

सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग असतं, छापल्यावर रंग साधारण कसा दिसेल ते दाखवणारं. मी ते सुरू केलं. पाउचचं सगळं तेज एका क्षणात उतरलं.

"अरे बाप्पा! लाइट गेल्यासारखं झालं की हे. बंद कर, बंद कर. शेठनं पाह्यलं तर काम परत घेऊन जाईन तो."

"पण खरं हेच आहे."

"तू लय खरं बोलते, मॅडम," भाऊ म्हणाले. रागावले की ते मला मॅडम म्हणतात. त्यांनी प्रेसला फोन लावला. पलीकडच्या माणसाने सांगितलं की नेहमीच्या चार शाया सोडून एक वेगळी चमकणारी पिवळी शाई येते, कपडे धुण्याच्या पावडरच्या पाकिटांवर असते तशी. एक सिलिंडर जास्त लागेल. भाऊंनी लगेच शेठना विचारलं. शेठ हो म्हणाले. भाऊंनी फोन खिशात टाकला.

"झालं? आता तरी हास थोडी."

मी हसले. अडचण सुटली होती. तरी काहीतरी खटकत होतं, आणि काय ते कळत नव्हतं.

फाइल शेवटची तपासायची म्हणून संध्याकाळी लॅपटॉप घरी नेला. रिक्षात बॅग मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरली होती. घरी आई जेवणाच्या टेबलावर तुरीची डाळ निवडत बसली होती. मी समोरच लॅपटॉप उघडला आणि पाउचवरची बारीक अक्षरं वाचायला लागले.

"हे काय वं?" आईने विचारलं.

"शेठच्या डाळीचं पाउच."

"मस्त दिसते." तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग ताटाकडे. मग ताट तिरपं करून पाहिलं. "ही डाळ जुनी देल्ली वाटते त्या दुकानदारानं. कशी मळकट दिसून राह्यली. सकाळी तर चांगली दिसत होती."

मी ताटाकडे पाहिलं. डाळ खरंच मळकट दिसत होती. मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"आता बघ."

"आता?" ती वाकली. "आता बरी दिसते."

मी झाकण उघडलं. तिने पुन्हा पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काय खेळ लावला? बंद कर ते, डोये दुखतात माहे."

मी बंद केलं, पण जेवण गेलं नाही. काय खटकत होतं ते आता कळलं होतं. आम्ही शेठना हवा तो पिवळा मिळवून दिला होता, आणि त्याच्या बरोबर मधोमध खिडकी ठेवली होती. त्या रंगाच्या शेजारी कुठलीही खरी डाळ जुनीच दिसली असती. प्रत्येक दुकानात, प्रत्येक पाकिटात.

सकाळी भाऊंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "तुह्या आईनं घरी डाळ निवडली, म्हणून मी शेठचं डिझाइन बदलू?"

"मी दाखवते. बोलून नाही पटणार."

अडचण अशी होती की आमचा प्रिंटर तो चमकणारा पिवळा काढू शकत नाही. मग कपाटावर पडलेला रेडियमचा रोल आठवला. रेडियम म्हणजे गाड्यांवर, पाट्यांवर नावं कापून चिकटवतात तो चमकणारा चिकट कागद. त्यात भडक पिवळा होता, त्या शाईच्या बराच जवळ जाणारा. मी त्याचं पाउचच्या मापाचं कव्हर कापलं आणि मध्ये खिडकी ठेवली. दुसरं कव्हर साध्या कागदावर गडद हिरव्या रंगात छापलं, खिडकी तेवढीच. शेठनी फोटोसाठी दिलेली वानगीची पुडी, म्हणजे त्यांच्या मालाचा नमुना, दुकानात होती. त्यातलीच डाळ दोन पारदर्शक पिशव्यांत भरली आणि वर कव्हरं चढवली.

भाऊंनी दोन्ही पाकिटं काउंटरवर शेजारी ठेवली. एक उचलून पाहिलं, मग दुसरं.

"चाल," शेवटी म्हणाले. "पण शेठले तू सांगजो."

"मी?"

"मी काल होऊन जाईन म्हटलं. आज नाही होत म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

मिलमध्ये सगळी यंत्रं चालू होती. तिथे काहीही सांगायचं तर ओरडावं लागतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वाटेत पाठ केलेलं वाक्य ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. शेठ गादीवर बसून फोनवर बोलत होते. मी दोन्ही पाकिटं त्यांच्यासमोर ठेवली आणि बाजूला उभी राहिले. भाऊ वजनकाट्याकडे असे बघत होते, जसा काही तो विकत घ्यायचा आहे.

शेठनी फोन ठेवला. पाकिटं उचलली आणि सरळ दारात गेले. डाळीचा व्यापारी माल आतल्या लाइटखाली बघत नाही, दारात उन्हाच्या उजेडात बघतो. मी मागे गेले. त्यांनी एक पाकीट पाहिलं, दुसरं पाहिलं, पुन्हा पहिलं पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला.

"ही कोणाची डाळ भरली याच्यात?" पिवळं पाकीट माझ्या तोंडासमोर धरून ते म्हणाले. "ही माह्या मिलची नाही. काय रे विलास, माह्याच नावाच्या पाकिटात भंगार माल भरून दाखवून राह्यला का मले?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमचीच आहे," मी म्हटलं. यंत्रांच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही.

"काय?"

"तुमचीच आहे शेठ! दोन्हीत! एकाच पुडीतली!"

कट्टे उचलणारे दोघं थांबून माझ्याकडे बघायला लागले.  शेठनी दोन्ही पिशव्या फोडल्या. एका तळहातावर एका पिशवीतली डाळ घेतली, दुसऱ्यावर दुसरीतली. दोन्ही हात उन्हात धरले. वाकून पाहिलं. मग दोन्हीकडचा एकेक दाणा दातांखाली फोडला.

"एकच आहे," ते हळू म्हणाले. मग मोठ्याने, "मंग ह्या पिवळ्यात काय झालं तिले?"

"तो रंग डाळीपेक्षा जास्त चमकतो. त्याच्याजवळ ती फिकी दिसते. सगळ्या पाकिटांत तशीच दिसेल."

"माह्याच पाउचात माहीच डाळ फिकी?"

"हो."

शेठनी हातातली डाळ कट्ट्यात टाकली, हात झटकले. पिवळं कव्हर पुन्हा एकदा उचलून पाहिलं. ते सोडवत नव्हतं त्यांना, दिसत होतं. मला ते समजत होतं, मलाही तो रंग सोडवला नव्हता.

"नावात तरी ठेव थोडा, बेटा," ते म्हणाले. "वरती. खिडकीपासून दूर."

"साध्या शाईतला ठेवते."

"साध्या तर साध्या."

परत येताना भाऊ बाइक चालवता चालवता म्हणाले, "चांगली ओरडते की तू." दुकानात आल्यावर त्यांनी प्रेसला फोन करून चमकणाऱ्या शाईचा सिलिंडर रद्द केला आणि फाइलसाठी संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला. मी दुपारभर बसून खिडकीभोवती गडद हिरवा केला, शेठचं नाव वर पिवळ्यात घेतलं, छपाईचं सेटिंग सुरू ठेवूनच. फाइल संध्याकाळी गेली. पाउच छापून येईपर्यंत मला रोज वाटायचं की काहीतरी राहिलंय. काही राहिलं नव्हतं. खिडकीतली डाळ चांगली दिसली. शेठनी पहिलं पाकीट हातात घेऊन एवढंच म्हटलं, "तुह्या लॅपटॉपवरच्यासारखं नाही आलं." आणि पुढे मूग डाळीचं काम दिलं.

आता ज्या वस्तूचं पाउच करायचं, ती वस्तू मी आधी मागून घेते आणि वाटीत भरून लॅपटॉपशेजारी ठेवते. घरी काम करताना लॅपटॉप बँकेच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवते. उंची बरोबर येते, मान दुखत नाही. बाबा येताजाता बघतात.

नव्या लॅपटॉपबद्दल कुणी विचारलं तर मी सांगते की स्क्रीन फार चांगली आहे, म्हणून ग्राहकाला लगेच दाखवू नये. भाऊंना हे माझ्याआधी पटलं. दुकानाच्या पायरीवर कुणी चप्पल काढताना दिसलं, की ते आतून हळूच म्हणतात, "मॅडम, गिऱ्हाईक येऊन राह्यलं. उजेड कमी कर."