नेनेकाकूंची फर्नेस आणि टॅक्सची सूट

फुकट काही मिळतंय म्हटलं की माणसं गोळा होतात, आणि माणसं जमली की किस्सेही साठतात. कमी गॅस, कमी वीज खाणारी, घर गरम ठेवणारी फर्नेस किंवा एसी घरात बसवला तर टॅक्समध्ये क्रेडिट मिळेल, असं सरकारने जाहीर केलं आणि अमेरिकेतल्या रेडमंडच्या आमच्या मराठी कंपूला दुसरा विषयच उरला नाही! सगळ्यांचे फॉर्म मी हौसेने भरून द्यायचो. हे काम मला नेनेकाकांनी शिकवलं होतं.

पहिला आला समीर. राहायला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, तरी फॉर्म घेऊन हजर!

"अरे, हे स्वतःच्या घराला मिळतं."

"मग यार, मी तीन थर्मल घालून झोपतो, त्याचं काही?"

*

वानखेडे नागपूरचे. रेडमंडचा उन्हाळा तो केवढा, पण ह्यांनी दणदणीत एसी बसवला. महिन्याभरात तक्रार, घर गारच होत नाही! टेक्निशियन आला, मागच्या अंगणात गेला आणि बघतच राहिला. बाहेरच्या युनिटमधून गरम हवा येते म्हणून वहिनींनी जाळीवर पंचा अंथरून सांडगे वाळत घातले होते.

"मॅम, प्लीज रिमूव्ह धिस."

"टू मोअर डेज," वहिनी म्हणाल्या.

*

कुलकर्ण्यांकडे नवी फर्नेस आली, तेव्हा त्यांची आई पुण्याहून आलेली होती. कंपनीचं सर्टिफिकेट मिळवायला मला मॉडेल नंबर हवा होता, म्हणून फोन केला.

"नंबरावर आईने कुंकवाचं स्वस्तिक काढलंय," कुलकर्णी म्हणाला.

"मग पूस!"

"आजच पूजा झालीय रे. उद्या पुसतो."

मागून नातीचा आवाज आला, "आजी, इट्स अ फर्नेस, नॉट अ कार!"

आजी म्हणाल्या, "म्हणून काय झालं? घरात नवीनच आलीय ना?"

*

नेनेकाकूंची गोष्ट मात्र माझ्या जिवाला लागली होती. हिवाळ्यात त्यांची बोटं इतकी आखडायची की चहाचा कपही दोन्ही हातांनी धरायच्या. घरातली फर्नेस जुनाट. काका दर वर्षी म्हणायचे, "बदलू या."

काकूंचं उत्तर ठरलेलं. "माझ्या एकटीच्या सांध्यांसाठी एवढा खर्च? काही नको. शाल आहे मला."

मग एका शनिवारी काका पेपरचं कात्रण घेऊन आले. "हे बघ, सरकार पैसे देतंय! नाही घेतली तर आपलंच नुकसान."

काकू एकदम उठून बसल्या. "मग घ्या की! सरकारचं कशाला सोडायचं?"

दोन आठवड्यांत फर्नेस बसली.

पुढच्या वर्षी फॉर्म भरायला मी त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसलो. आकडे पाहिले आणि माझा चेहराच पडला.

"काका," मी म्हणालो, "क्रेडिट टॅक्समधून वजा होतं. रिटायर झाल्यापासून तुम्हाला टॅक्सच बसत नाही. एक डॉलरही मिळायचा नाही हो!"

काकांनी किचनकडे पाहिलं. काकू आमच्यासाठी पोळ्या लाटत होत्या. अंगावर शाल नव्हती.

"तुला फॉर्म भरायला शिकवलं कोणी रे?" काका म्हणाले. "हळू बोल जरा."