कौसाबाईच्या गोठ्यावरची भावी डॉक्टर

नवल पाटलाची घाई अख्ख्या कळसाडीला ठाऊक आहे. कापूस फुटायच्या आधी वेचणीच्या बाया सांगून ठेवणारा माणूस. बारावीचा निकाल लागला की शहाद्याच्या फ्लेक्सवाल्याकडे झुंबड उडते आणि मागल्या साली त्याच्या चुलतभावाने आपल्या पोराचा फ्लेक्स सगळ्यांच्या आधी लावला होता. तेव्हा नवलने यंदा निकालाच्या आदल्या संध्याकाळीच पोरीचा फ्लेक्स फाट्यावर बांधून टाकला.

फ्लेक्स मात्र झकास होता, खोटं कशाला बोलू. मधोमध काजलचा फोटो, गळ्यात कुठून तरी आणून चिकटवलेला स्टेथोस्कोप. वर ‘भावी डॉक्टर’. खाली बापाचा गॉगल घातलेला फोटो, जवळजवळ लेकीएवढाच. कोपऱ्यात एक पांढरा गोल कोरा ठेवलेला. उद्या टक्के कळले की रंगाने भरायचे, एवढंच काम बाकी.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल लागला. काजल फिजिक्समध्ये गेली आणि केमिस्ट्रीतही गेली.

नवल तडक शेतात निघून गेला. फ्लेक्स सोडायचं त्याला सुचलं नाही, आणि गावाला कशाला सुचेल? आयती करमणूक कोण सोडतं? चार दिवसांत त्या कोऱ्या गोलात कुणी तरी कोळशाने भोपळा काढला, त्याला देठही काढला. काजल बसला जायची तर बाया कौतुकाने विचारायच्या, ‘डॉक्टरीनबाई, मन्हं गुडघं दुखस वं, काय लावू?’ ती खाली मान घालून उभी राहायची. तेव्हा ती रडकी होती. आता म्हणून बघा तिला.

शेवटी नवलने फ्लेक्स उतरवला. पण शेतकऱ्याच्या हाताने एवढं जाड प्लास्टिक फेकवत नाही. आधी तो चाऱ्याच्या गंजीवर गेला, फोटो आत करून. मग फाट्याला लागून राहणाऱ्या कौसाबाईने मागितला. तिच्या गोठ्याचं छप्पर गळत होतं. कौसाबाई म्हणजे विधवा बाई, एक म्हैस आणि एक जीभ, दोन्ही मारक्या. तिने फ्लेक्स पसरला तो फोटो वर करून. शहाद्याहून येणाऱ्या प्रत्येक बसच्या खिडकीला आता काजल दिसायची, म्हशीच्या डोक्यावर हसताना.

नवल म्हणाला, ‘वहिनी, पलटी घाला ना.’

‘तुन्ही पोरना तोंडवरथून पानी कसं सरकन उतरी जास,’ कौसाबाई म्हणाली. ‘मांगली बाजू पानी पेस. मंग मन्ही म्हैस वली व्हई ना.’

घरात काजलला एकच गोष्ट हवी होती : पुन्हा परीक्षेला बसायचं. बापाने जुलैच्या परीक्षेला बसूच दिलं नाही. ‘एक डाव नाक कापं तू मन्हं,’ तो म्हणाला. ‘आते लगीन. तठे जाई जे शिकनं ते शिक.’ पुस्तक दिसलं की तो तिला शेतात निंदायला धाडायचा. म्हणून पोरगी पुस्तकं ओढणीत गुंडाळून दुपारी कौसाबाईच्या गोठ्यात शिरायला लागली. बाप त्या बाजूला फिरकायचा नाही, आपलाच गॉगल वरून बघतोय म्हणून.

कौसाबाईने जागा काही फुकट दिली नाही. शेण भरायचं, मग बसायचं. ‘उचल डॉक्टरीन, पेशंटनं शेन उचल,’ असं म्हणत ती खाटेवर तंबाखू मळायची. आणि एवढ्यावर थांबली तर ती कौसाबाई कसली. एके दुपारी म्हणाली, ‘काय वाची ऱ्हायनी ते मालेबी सांग.’

काजलने इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हटली. शहाद्याच्या क्लासात पाठ करून घेतलेली, एक शब्द इकडेतिकडे नाही.

‘हाई काय मंतर शे? आपली बोलीमा सांग.’

काजलने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. सांगायला आत काहीच नव्हतं. पोरीने दोन वर्षं ओळी गिळल्या होत्या, चावली एकही नव्हती. कौसाबाई इतकी हसली की तंबाखू घशात गेली. दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीलाही बोलावलं, ‘चाल वं, गंमत दाखाडस.’ आणि पोरीला त्या दोघींसमोर पुन्हा उभं केलं.

दुसरी कुणी असती तर परत गेली नसती. ही गेली. त्या हसण्याचं तिला भय बसलं होतं, आणि म्हणून ती रात्री घोकायच्या ऐवजी विचार करायला लागली : उद्या म्हातारीला हे कसं सांगू? गोठ्यात कुट्टीचं यंत्र होतं, कडबा कापायचं, हाताने फिरवायचं. एकदा ती कौसाबाईला म्हणाली, ‘काकू, चाक सुरू कराले जोर लागस, मंग आपोआप फिरस, आनि थांबाडाले बी जोर लागस. काबर की सगळं वजन चाकना काठवर शे. पुस्तकमा हाईच लिखेल शे.’

कौसाबाईने तंबाखूची पिंक टाकली. ‘मंग दोन साल ते क्लासवाला काय सांगी ऱ्हायंता?’ शाबासकी नाही, काही नाही. पण त्या दिवशी हसली नाही, आणि काजलने तेवढं ओळखलं.

दसऱ्यानंतर सारंगखेड्याचे पाहुणे आले. बसने आले, इथेच चुकलं. फाट्यावर उतरल्याबरोबर मुलाच्या मामाने मान वर केली आणि सगळं वाचून काढलं, भोपळ्यासकट. चहा झाला, पोहे झाले, पोरगी पसंत पडली. मग उठता उठता मामा म्हणाला, ‘पाटील, आमना पोऱ्या बारावी पास शे. डॉक्टरीन बायको त्याले झेपनार नही.’ सगळे पाहुणे हसले. हसतच चपला घातल्या. ही गोष्ट त्यांच्याआधी सारंगखेड्याला पोहोचली, आणि मग त्या अंगाने दुसरं स्थळ यायचं नाव घेईना.

नवल दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी लेकीकडे न बघता म्हणाला, ‘बस परीक्षाले. घरमा बठी काय करशी.’ परवानगी मिळाली ती अशी, उकिरड्यावर फेकल्यासारखी. काजलने ती उचलली.

मार्चमध्ये पेपर झाले, मे महिन्यात निकाल लागला. चोपन्न टक्के. डॉक्टरकी त्यात बसत नाही, शहाद्याच्या कॉलेजात बी. एस्सी. बसते. नवलला मात्र एकदम पालवी फुटली. संध्याकाळी तो कौसाबाईच्या दारात हजर. ‘वहिनी, तो फ्लेक्स द्या. फोटो चांगला शे, गोल तेवढा भरसूत. फाटावर परत लावसू.’

‘मन्ही म्हैस?’ कौसाबाई म्हणाली.

तेवढ्यात काजल खांद्यावर शिडी घेऊन आली. एका हातात चुन्याचा डबा आणि कुंचला, दुसऱ्या हातात शेणाची पाटी. फाट्यावर बसची वाट पाहणारी माणसं बघत होती, मीही होतो. ती छपरावर चढली. भोपळ्यावर चुना फिरवून तो मिटवला आणि वाळल्यावर कोळशाने ठळक लिहिलं, ‘५४’. मग ‘भावी डॉक्टर’वर शेण थापलं. जाता जाता बापाच्या गॉगलवरही एक थाप बसली. हात चुकला म्हणावं, तर चांगली सारवून बसवली होती.

‘काजल, हाई काय?’ नवलचा आवाज फाटला. ‘लोके देखी ऱ्हायनात.’

‘देखू द्या, आण्णा. तुमले लोकेच देखाडना व्हतात ना? आठेच ऱ्हाऊ द्या त्याले. मी रोज याच बसमा जासू.’

नवल घराकडे वळला. कुणी त्याला हाक मारली नाही.

कौसाबाईने खालून छपराकडे नीट पाहिलं. ‘डॉक्टर पुसी टाकं, बरं करं,’ ती म्हणाली. ‘म्हैस बिमार पडती तर तुलेच बलावनं पडतं. आते उतर, आनि शेन मन्हं वापरं, उद्या पाटी भरी दे.’

दुसऱ्या दिवशी काजलने पाटी भरून दिली.