ते दुखणं माझं नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाज आवळली. रविवार होता, कारखान्याला सुट्टी. बाजेची दोरी सैल पडून मध्ये झोळ आला होता. हे काम एकट्याचं नाही. एकाने लाकडाला पाय लावून दोरी ओढायची, दुसऱ्याने ओढलेली दोरी अंगठ्याने दाबून धरायची. मी ओढत होतो, तुळसा धरत होती. निम्म्यावर आलो आणि तिचा अंगठा सुटला. सगळी दोरी परत ढिली.

"लक्ष कुठं आहे तुझं?" मी ओरडलो.

"आहे की. बघते आहे," ती म्हणाली. दुसरा हात कमरेवर दाबून उभी होती. परत धरली. बाज ताठ झाली. मी थाप मारून बघितली आणि विडी ओढायला बाहेर गेलो. त्या हाताबद्दल विचारलं नाही. भ्यालो होतो म्हणून विचारलं नाही, हे आज लिहितो.

मी तिसरी शिकलेला माणूस. हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात, लोहारशाळेत घण मारायचो. माझी बायको तुळसा. शेजारची कानडी माणसं तिला तुळसक्का म्हणायची. बुटकी, काळीसावळी, तोंडाने फटकळ. आमची एकच मुलगी सहा वर्षांची होऊन तापाने गेली. तेव्हापासून तुळसाच्या अंगात भीती शिरली. मी कामावरून यायला जरा उशीर झाला की ही दारात पांढरीफटक. कुणी नुसतं खोकलं तरी ही कपाळाला हात लावून ताप बघायची.

कुणीतरी तिला अप्पांकडे नेलं. अप्पा पूर्वी जोंधळ्याचे अडते. म्हातारपणी धंदा सोडून दुर्गदबैलाच्या बाजारामागे एका वखारीच्या माळ्यावर राहायचे. तिथं बायका जमत आणि अप्पा वेदान्त सांगत. सगळं एकच आहे, दुसरं काही नाही. शरीर म्हणजे तू नव्हेस, तू बघणारी आहेस. तुळसा घरी आली ती ताठ मानेने.

"अहो, दुसरं कुणी नाहीच म्हटल्यावर भ्यायचं कुणाला?"

"मग मी रोज भांडतो कुणाशी?"

"स्वतःशीच. सवयच आहे तुमची."

चहा मागितला की म्हणायची, "चूल पण ब्रह्मच आहे. ब्रह्माला फुंकर घाला आणि घ्या करून." अशी बाई.

पण त्या वेदान्ताच्या ती हात धुऊन मागे लागली. पहाटे चारला उठून पोत्यावर बसायची, डोळे उघडे, पापणी हलत नाही. मला जाग आली की समोर ती तशीच. मी हळूच जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरायचो. श्वास लागला की जीव भांड्यात पडायचा. एकदा तशीच डोळे न हलवता म्हणाली, "जिवंत आहे. बोट काढा, विडीचा वास येतो."

लोकांना वाटायचं, घणवाला माणूस, ह्याला कसली भीती. मला तिची भीती वाटायची. ही अशीच बसत राहिली आणि एक दिवस परत आलीच नाही तर? सगळं एकच झालं तर त्यात मी कुठं? हे कुणाला विचारणार? कारखान्यात विचारलं असतं तर हसून मेले असते.

एकदा भाकरी करताना तिचा हात तापल्या तव्याला चिकटला. तिने काढला नाही. बघत बसली. मी तांब्याभर पाणी ओतलं तेव्हा सुटला.

"भाजलीस की, येडे!"

"हात भाजलाय. मी नाही."

रात्री त्याच हाताला फोड आले आणि झोपेत ती कण्हली. सकाळी सांगितलं तर तिला लाज वाटली. "अजून कच्चीच आहे मी," म्हणाली. हे तिचं ठरलेलं वाक्य. भीती वाटली, कच्ची. रडू आलं, कच्ची. मुलीची आठवण आली की सगळ्यांत कच्ची.

अप्पांना तिचं हे बसणं ठाऊक होतं. ते मला वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, "तिला सांगतो मी, सुम्म कुंद्र म्हणून. नुसती बैस, काही करू नको. जिथं आहेस तिथं पोचायला कशाला धावायचं? पण ती न करण्याचे पण कष्ट करते, काय सांगू?" खरंच होतं. घरी येऊन ही मला अभिमानाने सांगायची, "आज दोन तास काहीसुद्धा केलं नाही." मी म्हटलं, "आमच्या फोरमनला सांगून बघ, लाथ घालेल."

बाज आवळली त्याच दिवशी दुपारी ती चुलीपुढे वाकली आणि तिथेच आडवी झाली. उचलताना माझा हात तिच्या पोटाला लागला. आत नारळाएवढी गाठ. लोखंडासारखी.

"हे कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून." शिमगा होऊन गेला होता.

"आणि सांगितलं नाहीस?"

"ते दुखणं माझं नाही, पोटाचं आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर माझं झालं असतं."

टांगा करून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. सहा महिने आधी आणलं असतं तर कापता आलं असतं, आता घरी न्या, म्हणाले. लढाईचे दिवस, औषधं मिळत नव्हती. परत येताना टांग्यात ती मला टेकून होती. मला राग आला होता की भीती वाटत होती, कळत नव्हतं.

अकरा दिवस काढले तिने. पहिले काही दिवस दात आवळून बघत होती. मग एका सकाळी माझी बाही धरली.

"अहो, ती आली."

"कोण?"

"भीती. एवढं केलं, एवढी वर्षं बसले, तरी तशीच आली. मी नापास झाले."

अप्पा येऊन उशाशी बसले. म्हणाले, "तिच्याकडे पण बघ, अक्का. भीतीला पण बघ."

"आता बघवत नाही, अप्पा," ती म्हणाली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. ओठ चावून फाटला होता. अजूनही तोंडातून आवाज काढत नव्हती. माझ्याच्याने राहवलं नाही.

"बघू नकोस! ओरड! कोण परीक्षा घेतंय तुझी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. आणि ओरडली. "यव्वा! मेले गं!" असा आवाज की चार घरांतली माणसं धावत आली. मुलीचं नाव घेऊन रडली, मला शिव्या घातल्या, देवाला घातल्या. अप्पा मान खाली घालून बसले होते.

ती शांत झाली तेव्हा दुपार टळत होती. मला विचारलं, "तुम्हाला भीती वाटते का हो?"

"वाटते."

"कधीपासून?"

"तू पोत्यावर बसायला लागलीस तेव्हापासून. वीस वर्षं."

"आणि सांगितलं नाहीत?" ती हसायला गेली पण दुखलं. "कच्चेच आहात तुम्ही पण."

मी बाजेच्या कडेला बसलो. तिचा हात थंड, माझा पण थंड. दोघंही नुसते घाबरत बसलो. त्या वेळी तिची भीती कुठली आणि माझी कुठली, मला वेगळी काढून दाखवता आली नसती. अप्पा सांगायचे ते हेच का, मला माहीत नाही. तिची भीती गेली का, असं लोक विचारतात. नाही गेली. खोटं कशाला लिहू? पण ती एकटी नव्हती भीतीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाणी मागून घेऊन, गेली. संध्याकाळच्या आत मी अग्नी दिला.

सकाळी उठलो. सुतक होतं, कुणाच्या दारात जायचं नव्हतं. तरी वखारीकडे गेलो. माळ्यावर बायका जमल्या होत्या. मी पायरी चढलो नाही, खाली रस्त्यात उभा राहिलो आणि हाक मारली. अप्पा खिडकीत आले, त्यांच्या मागे बायकांची तोंडं.

"अप्पा, एवढं सांगा ह्यांना," मी म्हटलं. "दुखलं तर सांगायचं. भीती वाटली तर सांगायचं. ब्रह्माला त्याने काही कमी पडणार नाही. माझी बायको न सांगता मेली."

हमाल थांबून बघायला लागले.  अप्पांनी आत तोंड करून विचारलं, "कुणाचं काही आहे का गं?"

कुणी हललं नाही. मी वळलो. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तुळसाच्या शेजारी बसायची ती नीलव्वा खाली आली. पदर छातीशी गच्च धरलेला, दात वाजत होते.

"अण्णा, मला पण आहे," ती मला म्हणाली. "इथं. पावसाळ्यापासून. घरी ठाऊक नाही."

सुतकामुळे मला तिला शिवायचं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्या मागनं चार पावलं सोडून ये." आणि दवाखान्याची वाट धरली. दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होतो, ती येते आहे ना.