उन्हाची राखण

मे महिन्यात भर दुपारी सावली सोडून मुद्दाम उन्हात जाऊन बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे मामू. वेरूळ रस्त्यावरच्या ज्या लॉन्सवर मी लग्नांची बुकिंगं सांभाळते, तिथले ते इलेक्ट्रिशियन. मालकांपासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना मामूच म्हणत.

फाटकापासून मंडप लांब पडतो, म्हणून म्हाताऱ्या पाहुण्यांसाठी मालकांनी एक जुनी गोल्फ कार्ट आणली होती. बॅटरीवर चालायची. एका लग्नात सकाळपासून लाइट गेली, जनरेटर स्टेजला जुंपलेला, आणि चार्ज न झालेली कार्ट नवरीच्या आजीला घेऊन अर्ध्या वाटेत बसली. आजींना खुर्चीसकट उचलून न्यावं लागलं. मामूंना ते फार लागलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी कार्टच्या टपावर सोलर पॅनेल चढवलं आणि चार्जरची वायर कापून टाकली. "आता ही कुणाच्या उपकाराची नाय, ताई. एवढं ऊन फुकट सांडून राहिलंय, तेच पील." मामूंनी एकदा तोडलेलं पुन्हा जोडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आता टप केवढा आणि त्यावरचं पॅनेल केवढं. संध्याकाळी चार फेऱ्या व्हायच्या तर कार्ट दिवसभर उघड्यावर ठेवायला हवी. कडुलिंबाची सावली एका कोपऱ्यावर जरी आली तरी चार्जिंग पार खाली यायचं. रस्त्याच्या कामाची धूळ बसायची ती वेगळीच. म्हणून मामू ओला फडका घेऊन शेजारी स्टूल टाकून बसत. सावली सरकली की कार्ट सरकवायची, मागोमाग स्टूल. "तुमची आई कुरडया टाकते तव्हा राखण बसते का नाय? वाळवण सोडून कुणी घरात झोपतं का?" मी म्हणे, "मामू, आई ओसरीत बसते, हातात काठी घेऊन." ते हसत. वादात बाजू पडली की मामू हमखास हसत.

शेवटी मी त्यांना सरळ सांगितलं, "पॅनेल शेडच्या पत्र्यावर लावा, अजून दोन जोडा आणि वायर खाली घ्या. कार्ट सावलीत राहील, तुम्हीही." ते पटकन म्हणाले, "मग ती शेडच्या जिवावर चालली. मी मालकाला जबान दिली, गाडी आपल्या टपावर चालंल." मालकांकडे गेले तर ते म्हणाले, "मामूंना कोण सांगणार?" आणि विषय संपला.

मामूंचा चेहरा काळवंडला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आम्ही सगळेच काळवंडलो होतो. मग एक दिवस त्यांनी माळ्याला आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली आणि माळी घाबरून माझ्याकडे आला. त्याच संध्याकाळी भाभींचा, म्हणजे मामूंच्या बायकोचा फोन. नवऱ्याला त्या 'उनों' म्हणत. "ताई, उनों घरी येतात तव्हा अंग नुसतं भट्टी असतं. तुमचं ऐकतात. जरा बोला ना." मी बोलले, चांगलं खडसावलं. स्टूल उचलून ऑफिसात आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसलेले. मला राग आला आणि हसूही आलं. पण त्यानंतर दुपारी खिडकीबाहेर बघायची मला भीती वाटू लागली, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

एका मोठ्या लग्नाच्या दिवशी ते डब्यावरही बसले नव्हते. पॅनेलला हात लावून नुसते उभे होते. मी छत्री घेऊन धावत गेले. मामूंचा सदरा कोरडा होता, घामाचा टिपूस नाही. "मामू, आत चला."

"थांबा ना ताई. आज हवा लई गार सुटलीय."

झाडाचं पान हलत नव्हतं. मी हात धरला तो तव्यासारखा तापलेला. माळ्याने आणि मी त्यांना कार्टवरच आडवं केलं आणि फाटकापर्यंत नेलं. बॅटरी भरलेली होती. कार्ट कुठेच अडली नाही. फाटकातून त्यांना दवाखान्यात हलवलं, पण मामू परत आले नाहीत.

दिवाळीनंतर मालकांनी शेडच्या पत्र्यावर पॅनेलं बसवून घेतली. टपावरचं मामूंचं पॅनेलही काढून तिथेच लावलं. कार्ट आता सावलीत उभी असते आणि संध्याकाळी हव्या तेवढ्या फेऱ्या मारते. तिच्याजवळ कुणालाच बसावं लागत नाही.

या उन्हाळ्यात भाभी शेजारच्या मुलीच्या लग्नाला आल्या. भर दुपारचं लग्न. मी हात धरून त्यांना कार्टमध्ये बसवलं, शेजारी बसले. शेडवरून जाताना त्यांनी विचारलं, "गाडी उन्हात नाय ठेवत आता?"

"नाही, भाभी. पॅनेलं वर पत्र्यावर आहेत. खाली वायर येते."

त्या वळून शेडकडे बघत राहिल्या. "म्हणजे उनों बी सावलीत बसू शकत होते."

"हो."

त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरल्या आणि उरलेली वाट उन्हातून चालत गेल्या.