दादूची बेल

तारवाला दादू लाल सायकलीवरून आळीत शिरला की बायका आधी कान टवकारत. तार चांगली असली, कुणाला पोरगा झाला, कुणाला नोकरी लागली, की वळणावर तो बेल एकदाच वाजवी. वाईट असली की तिथंच उतरे आणि सायकल हातानं ढकलत येई. तार फोडायच्या आत आळीला कळलेलं असे.

दादूला इंग्रजीची हौस दांडगी. पोस्टमास्तर भिकाजीपंत त्याला आठवड्याला एक शब्दप्रयोग देत आणि वाक्यात वापरायला लावत. त्या वर्षी, चौऱ्याऐंशी साली, एका आठवड्याला 'अ‍ॅट युवर डिस्क्रिशन' आला. म्हणजे तुमच्या तारतम्यानं. दादूनं तो लगेच बाजारात नेला. चिमा कोळणीला म्हणाला, "बांगडे कुठले द्यायचे ते अ‍ॅट युवर डिस्क्रिशन." तिनं तळातले, मऊ पडलेले दिले. न्हाव्याला तेच सांगितलं आणि चकोट होऊन आला.

"वाक्यं बरोबर आहेत," मास्तर म्हणाले, "पण तारतम्य दरवेळी दुसऱ्याचंच."

मंगळवारी मास्तरांच्याच नावानं मुंबईहून तार आली. सखाराम वारला, यमुनाबाईला कळवणं अ‍ॅट युवर डिस्क्रिशन. पाठवणारा सखारामचा शिकलेला पुतण्या.

सखाराम हा यमुनाबाईचा एकुलता भाऊ. त्याच्याच आग्रहानं तिनं मोतीबिंदू काढला होता. "डोळा करून घे," त्यानं लिहिलं होतं, "गणपतीला येतो. टक्कल पडलंय, ओळखतेस का बघू." आता डोळ्यांवर पट्टी, आणि डॉक्टरांची ताकीद: शनिवारी पट्टी सुटेपर्यंत रडायचं नाही, नाहीतर डोळा हातचा जाईल.

"द्यायची का हो?" दादूनं विचारलं.

"तिच्या दारात तू जातोस," मास्तर म्हणाले. "वाक्य आता तुझं."

दादूनं तार खिशात ठेवली. आळीतून जावं तर लागेच. रोज तो वळणावर बेल वाजवी, यमुनाबाईच्या पडवीपुढे आणखी दोनदा वाजवी आणि न उतरता निघून जाई.

"दादू, सख्याचं काय आलं काय रे?" ती खांबाला टेकून विचारी.

"नाय काकी."

"काय रे दादू, कुणाची वरात काढलीस?" चिमा पाटी घेऊन जाताना ओरडली. एरवी त्यानं तिला जन्मभर पुरेल असं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी तो नुसता पेडल मारत राहिला. गुरुवारपासून यमुनाबाईनं काही विचारलंच नाही.

शनिवारी दुपारी पट्टी सुटली. दादू वळणावर उतरला. सायकल ढकलत पडवीपर्यंत आला आणि मान खाली घालून उभा राहिला. यमुनाबाईनं त्याला नीट पाहून घेतलं.

"तुझे पण केस गेले रे," ती म्हणाली. "कधीची तार?"

"मंगळवारची."

"बुधवारीच वाटलं मला. चांगल्या तारेला तू एकदाच वाजवतोस."

"मग परत विचारलं का नाय, काकी?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. त्यानं करायला लावलेला डोळा, तो घालवायचा होता काय?"

तिनं हात पुढे केला. दादूनं तार दिली. वाचता येत नसतानाही ती कागदावरची अक्षरं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं हलकेच विचारलं, "आता रडले तर चालेल ना रे?"