एक्स्पेक्टंटचा वाक्यात उपयोग

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पारनेरजवळच्या आमच्या गावात मॅट्रिक झालेली मी एकटीच मुलगी. त्याचा फायदा एवढाच झाला, की मला बघायला येणारे पोह्यांबरोबर माझं इंग्रजीही चाखून बघायचे. पोहे संपले, की उठताना म्हणायचे, "कळवतो." हा शब्द कानावर आला, की स्थळ गेलं हे माझी धाकटी बहीणसुद्धा ओळखायची. ओळखायचे नाहीत ते फक्त आमचे वडील. पोस्टमन येऊन गेल्याशिवाय ते मळ्यात पाऊल टाकायचे नाहीत. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांच्यासाठी जीव तुटायचाही.

पाचवं स्थळ नगरच्या बँकेतलं. मुलाबरोबर त्याचे मामा आले होते. मामांना इंग्रजीचं वारंही लागलेलं नव्हतं, पण भाच्याची बाजू लंगडी पडू नये म्हणून त्यांनी खिशातून एक चिठ्ठी आणली होती. ती डोळ्यांपासून हातभर लांब धरून त्यांनी विचारलं, "एक्स्पेक्टंट म्हणजे काय, सांगा बरं."

"आशेनं वाट बघणारा," मी म्हणाले.

मामांनी ते चिठ्ठीशी ताडून पाहिलं. "बरोबर. आता वाक्यात उपयोग करा."

झालं, माझी सटकली. मी इंग्रजीत सांगून टाकलं, की चार घरं कळवतो म्हणून गेली, एकानंही कळवलं नाही, आणि माझे वडील रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. माय फादर इज एक्स्पेक्टंट.

चिठ्ठीत वाक्य लिहिलेलं नव्हतं. मामांनी "छान, छान" म्हणत मान डोलावली. वडीलही कौतुकानं हसले. मुलाला मात्र सगळं कळलं होतं. तो खाली मान घालून बशीतले शेंगदाणे निवडत बसला.

निघताना मामा म्हणाले, "बरंय मग, कळवतो."

"नको मामा," मुलगा म्हणाला. वडिलांकडे वळून त्यानं हात जोडले. "माझ्या मनात दुसरी मुलगी आहे. मामांपुढे बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून आलो. आमच्या पत्राची वाट बघू नका."

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आईनं पदर तोंडाला लावला. वडिलांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि दोघांना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडून आले.

ते परतले तशी आई भडकली. "न्हाई म्हनला त्यो, आन् तुमी त्याला पोचवाया गेल्ता व्हय?"

"बोलला तरी त्यो," वडील म्हणाले. "बाकीच्या चौघांची म्या अजून वाटच बघतुया."