न निसवलेली केळ

अप्पांना देडतलाईच्या बाजारात चक्कर आली, तेव्हा ते उपाशीपोटी गेल्याचं कारण सगळ्यांना पटलं. मला पटलं नाही. मी शाळेत शिकवते, पोरांची कारणं ऐकण्यात माझी हयात गेली. मी वडिलांना धरून इंदूरला नेलं.

तपासण्यांत दोन गोष्टी निघाल्या. हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप अरुंद झाली होती, आणि हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या एका नळीत अडथळा होता. डॉक्टरांनी विचारलं, चालताना दम लागतो का, छातीत दाटतं का? त्रास असेल तर थांबून चालणार नव्हतं. नसेल तर औषधं घ्यायची आणि काही महिन्यांनी पुन्हा दाखवायचं.

"कुछ नहीं साहब," अप्पा म्हणाले, "पूरा बगीचा पैदल घूमता हूँ."

ते खरंच रोज फिरत होते, म्हणून मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

खकनारच्या वाटेवर आमची केळीची बाग आहे. रविवारी मी त्यांच्याबरोबर जायची. चार पावलं झाली की अप्पा थांबायचे, खोडावर हात टेकून वर घडाकडे बघायचे, "भराव बरा हाय," म्हणायचे आणि पुढे निघायचे. केळीवाला माणूस घड किती भरला ते बघणारच. इंदूरहून आल्यावर महिन्याभराने एका रविवारी ते असेच थांबले. मी सहज वर पाहिलं. ती केळ अजून निसवलीच नव्हती. घड नाही, केळफूल नाही, नुसती पानं.

"भराव बरा हाय," अप्पा म्हणाले. त्यांच्या ओठांवर निळी झाक होती.

म्हणजे ते घड बघत नव्हते, दम खात होते. किती महिने, देव जाणे. माझं डोकंच फिरलं. पण का लपवतात हे मला माहीत होतं. त्यांचे थोरले भाऊ हृदयाच्या ऑपरेशनला गेले ते परत आलेच नाहीत. छाती उघडली की माणूस संपला, हा अप्पांचा हिशेब तेव्हापासून पक्का होता.

दुसऱ्याच दिवशी तब्येत दाखवायला म्हणून पुन्हा इंदूर गाठलं. "एकदम ठीक, साहब," अप्पांनी सुरुवात केली.

"खोटं बोलताहेत," मी म्हणाले, आणि केळीची सगळी हकीकत सांगितली. परक्या माणसासमोर मी बापाला खोटं पाडलं.

डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची नाही. छाती न उघडता आधी नळीत स्टेंट टाकू, मग काही आठवड्यांनी जांघेतून नवी झडप बसवू. मधल्या काळात दगदग नको, आणि छातीत कळ आली तर आम्हाला विचारल्याशिवाय जिभेखाली कुणाची गोळी ठेवायची नाही. अरुंद झडपेच्या माणसाचा रक्तदाब त्याने एकदम कोसळू शकतो.

स्टेंट नीट बसला. ते मधले आठवडे मात्र मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. अप्पा माझ्याशी बोलत नव्हते. मी समोर बसलेली असताना आईला म्हणायचे, "तिले सांग, पंखा बंद कर." एका दुपारी त्यांना कळ आली आणि शेजारचे काका स्वतःच्या खिशातली गोळी घेऊन धावत आले. आमच्या गल्लीत अशी गोळी पाण्यासारखी पुढे केली जाते. मी त्यांचा हात धरला.

"बापाले मारशील, पोरी!" ते ओरडले.

मी दुसऱ्या हाताने इंदूरला फोन लावला. डॉक्टर सांगत गेले तसं केलं, अर्ध्या तासाने कळ ओसरली. काका मात्र बरेच दिवस फुरंगटून होते.

झडप बसवायच्या दिवशी स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीच्या दारात थांबलं तेव्हा अप्पा अखेर माझ्याशी बोलले. "परत नाही आलो, तर ध्यानात ठेव. तूच धाडलं मले."

दार बंद झालं. आईने माझा हात धरला, मी सोडवून घेतला. त्या वेळी मला कुणी धरलेलं सहन होत नव्हतं.

ते परत आले.

दोन महिन्यांनी आम्ही बागेत गेलो. अप्पा पुढे, मी मागे, नजर त्यांच्या पावलांवर. एक ओळ झाली, दुसरी झाली, ते थांबेनात, मला त्यांना गाठता येईना. तिसऱ्या ओळीत एकदम थांबले.

"अप्पा, काय होतंय?"

"मले काय व्हायचं हाय? तुले दम लागला. थांब जरा."

खरंच लागला होता. डोळेही भरून आले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी जवळच्या खोडाला हात टेकला आणि वर बघितलं.

"भराव बरा आहे," मी म्हणाले.

अप्पांनी वर पाहिलं. वर नुसती पानं होती.

"खोटं बोलती," ते म्हणाले, आणि माझा श्वास जागेवर येईपर्यंत तिथेच उभे राहिले.